बाळ येणार, पण तयारी कोणाची?

(वस्ती आणि गाव पातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या सत्राला पत्रिकेत 'गरोदर स्त्रिया व नवमातांसाठी मार्गदर्शन' असे नाव छापले आहे. नाव वाचून मला हसू आले, कारण 'नवपिता' असा शब्द आपल्या भाषेत कोणी वापरतच नाही. बाळ दोघांचे, आडनाव बहुतेक वेळा त्याचे, आणि मार्गदर्शनाची गरज मात्र फक्त तिला! आज इथे तीन पुरुष कार्यकर्तेही आले आहेत. त्यांनी मागे दाराजवळ न बसता पुढे येऊन बसावे, कारण यातले निम्मे बोलणे त्यांच्यासाठी आहे.

स्त्री चळवळीत आपण बाईच्या शरीराविषयी खूप बोललो. हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि दिल्लीची सहेली यांनी इंजेक्शनच्या गर्भनिरोधकाविरुद्ध १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या लढ्यातून १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. मूल नको म्हणण्याचा हक्क आपण मागितला, आणि तो मागायलाच हवा होता. पण जिला मूल हवे आहे किंवा झालेले आहे, तिच्या रोजच्या प्रश्नांना आपण 'ते माता-बाल कार्यक्रमाचे, अंगणवाडीचे काम' म्हणून थोडे बाजूलाच ठेवले. वस्तीत बाई आपल्याकडे नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन येते तेव्हा तिच्या कडेवर बहुधा तान्हे मूल असते. तक्रार लिहून झाली की ती हळूच विचारते, "ताई, याचं पोट सारखं फुगतंय, काय करू?" हा दुसरा प्रश्नही आपल्याच कामाचा आहे असे मला वाटते.

सुरुवात बाळापासून नको, त्याच्या आधीपासून करू. मूल कधी, हे कोण ठरवते? लग्नाला तीन महिने झाले की शेजारीण विचारते, "काय गं, काही गोड बातमी?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. म्हणजे जवळजवळ पाचातली एक. या मुलींना पहिले मूल कधी हवे असे विचारणे दूरच राहिले. त्यांची स्वतःची हाडे अजून वाढायची असतात. तेव्हा नियोजन म्हणजे गोळ्यांची पाकिटे वाटणे नव्हे. नव्या सुनेला नकार द्यायला शिकवणे, तिच्या सासूशी बोलणे आणि नवऱ्याच्या हातात निरोध देणे हे नियोजन आहे.

मूल ठरवले तर आधी काय पाहावे? तिचे रक्त. याच पाहणीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयी निघाल्या. पाचवा महिना लागल्यावर लोहाच्या गोळ्या सुरू करून बाळंतपणापर्यंत घाईने रक्त भरून काढायचे, यापेक्षा आधीपासून गोळ्या आणि पोटभर जेवण बरे. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी तर दिवस राहण्यापूर्वीच सुरू केलेली चांगली, कारण बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा पहिल्या काही आठवड्यांतच घडतो. तेव्हा पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेलेत हे कळलेलेही नसते. विदर्भ आणि नंदुरबारकडून आलेल्या मैत्रिणींना सिकलसेलविषयी मी वेगळे सांगायला नको. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलामागे आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तपासणी दोघांची करायची. 'तिची केली, ठीक आहे' एवढे पुरत नाही.

दिवस गेले आणि मूल नको असेल, तर काय? १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली बदल झाला आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या अशा काही स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने ही मुदत २४ आठवडे आहे, आणि अविवाहितेला त्यातून वगळता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले. बाई सज्ञान असेल तर सही फक्त तिची लागते. नवऱ्याची सही आणा म्हणून परत पाठवणारे दवाखाने मी पाहिले आहेत. अशा वेळी आपल्यापैकी कोणीतरी तिच्यासोबत गेले की भाषा बदलते, हा माझा अनुभव आहे.

आता बाळंतपणाच्या तयारीकडे येऊ. आपल्याकडे तयारी म्हणजे डोहाळजेवण, झबली, कुंच्या, डिंकाचे लाडू. (त्याला माझा विरोध नाही, लाडूला तर मुळीच नाही.) पण सातव्या महिन्यात मी घरी जाते तेव्हा वेगळेच प्रश्न विचारते, आणि नवरा घरी असेल अशा वेळी जाऊन विचारते. रात्री दोन वाजता कळा आल्या तर गाडी कोणाची? १०८ ला फोन कोण करणार, आणि गल्लीत गाडी शिरत नसेल तर तिला रस्त्यापर्यंत कसे नेणार? मोठी मुलगी कोणाकडे राहील? रक्त लागले तर द्यायला कोण तयार आहे? माता-बाल कार्ड, आधार, बँकेचे पासबुक एका पिशवीत आहेत का, आणि ती पिशवी कुठे टांगली आहे हे तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाला माहीत आहे का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक नवरे बायकोकडे पाहतात.

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचे. त्यात तिला विश्रांती मिळते, चार दिवस आईच्या हातचे मिळते, म्हणून ही रीत मला आवडते. पण तपासण्या एका गावाला, बाळंतपण दुसऱ्या गावाला असे झाले की तिथल्या सिस्टरला तिचा रक्तदाब आधी किती होता, रक्तगट कोणता, काहीच कळत नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या बाईचे तर सगळेच रस्त्यावर. तेव्हा कार्ड ट्रंकेत ठेवायचे नाही. बाई जिथे, तिथे कार्ड.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे, ही उपकाराची गोष्ट नाही. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, दवाखान्यातले जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी हे सगळे मोफत द्यायचे आहे. आजारी बाळावरचे उपचारसुद्धा. बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर ती चिठ्ठी फेकू नका, जपून ठेवा. आपल्याला तक्रार करायला तोच कागद लागतो.

आणि प्रसूतिगृहातली वागणूक. इथे बसलेल्या किती जणींनी ऐकले आहे, "तेव्हा बरं वाटलं होतं, आता कशाला ओरडतेस?" हात वर करा. पाहा, निम्म्याहून अधिक. कळा देणाऱ्या बाईला थप्पड मारली जाते, ती गरीब असेल, दलित किंवा मुसलमान असेल, तिसऱ्या खेपेची असेल तर जास्त. ही हिंसा आहे आणि तिला हिंसाच म्हणायचे. केंद्र सरकारने २०१६ सालीच सांगितले आहे की प्रसूतीच्या वेळी बाईच्या सोबत तिच्या पसंतीची एक स्त्री थांबू शकते. आत दुसरी बाई उभी असली की शिव्या कमी होतात, आणि सोबत असली की कळा सोसायलाही बळ येते. वस्तीत अशा चार-पाच धीट बाया तयार करणे हे तुमच्या पुढच्या वर्षीच्या कामात धरा.

गरोदरपणात धावपळ कशासाठी करायची, ती लक्षणे पाठ असू द्या: अंगावरून रक्त जाणे, डोके खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, झटके, ताप, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी वाटणे. यातले काहीही झाले तर 'सकाळ होऊ दे' म्हणायचे नाही. एक लक्षण कोणत्याच तक्त्यावर नसते, ते मी जोडते: पोटावर लाथ. मारहाण गरोदरपणात थांबते असा आपला समज आहे. कित्येकींच्या बाबतीत ती तेव्हाच सुरू होते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि 'सेहत' यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केले, ते याच विचाराने की मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाण्याआधी दवाखान्यात येते. तपासणीच्या खोलीत नवऱ्याला आणि सासूला बाहेर ठेवून तिच्याशी दोन मिनिटे एकटीने बोला. मगच वजन-उंची लिहा.

बाळ जन्मले. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते म्हणून बायका जागत. आपण हसतो, पण मला त्या जुन्या बायांचे कौतुक वाटते. नवजात बाळांचे बहुतेक मृत्यू पहिल्या आठवड्यातच होतात, हे त्यांनी कोणतीही आकडेवारी न वाचता ओळखले होते आणि नेमका तिथे पहारा बसवला होता. आपण पहारा तोच ठेवू, फक्त कशाकडे पाहायचे ते बदलू.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना बाळाचा श्वास मोजायला, वजन घ्यायला, घरच्या घरी उपचार करायला शिकवले. १९९९ साली त्यांचा अहवाल 'लॅन्सेट'मध्ये छापून आला: नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते ती त्याच कामाच्या वाटेने. ती आली नाही तर आधी तिलाच विचारा, किती घरे दिली आहेत, मानधन वेळेवर मिळते का. तिच्यावर ओरडून बाळे वाचत नाहीत.

पाहायचे काय? बाळ चोखेनासे झाले, अंग गार पडले किंवा तापले, शांत असताना मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेते, छाती आत ओढली जाते, पहिल्याच दिवशी पिवळे दिसले किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे झाले, नाळेतून पू येतो, झटके येतात. मग थेट दवाखाना. बाहेरची बाधा, दृष्ट उतरवायची असेल तर दवाखान्याच्या वाटेवर उतरवा, माझी हरकत नाही.

जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यायचे. पहिला चीक पिळून टाकायचा नाही. मध, गूळपाणी, गुटी काही नाही; सहा महिने नुसते आईचे दूध, वरून पाणीसुद्धा नको. मध तर वर्ष होईपर्यंत नको, त्यातून तान्ह्या बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो. वजन अडीच किलोच्या आत असेल तर अंघोळीची घाई नको, बाळ उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यायचे. याला कांगारू पद्धत म्हणतात. यासाठी स्तन लागत नाहीत, नुसती छाती लागते, म्हणजे बापही हे करू शकतो. मी एका रिक्षावाल्या बापाला खाटेवर टेकून असा तासभर बसलेला पाहिला आहे. शेजारचे चेष्टा करत होते. त्याने पाहिलेही नाही, कारण बाळ झोपले होते.

आता आपल्या आज्यांशी भांडणाचा भाग. मी आज्यांच्या बाजूची आहे हे आधीच सांगते. चोळणे, शेकणे, बाळंतिणीला गरम खायला घालणे, चाळीस दिवस कामाला हात लावू न देणे, एवढी काळजी कोणत्या दवाखान्याने घेतली? एम.एस.डब्ल्यू.ला असताना आमच्या पुस्तकांत या सगळ्याला 'अंधश्रद्धा' अशा एकाच खान्यात टाकलेले असे, ते मला तेव्हाही पटत नव्हते. पण काही गोष्टींवर स्पष्ट बोलायलाच हवे. दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी खोलीत ठेवू नका. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि मायलेकरे झोपेतच जाऊ शकतात. ओव्याची, बाळंतशेपेची धुरी बाळाच्या नाकातोंडात नको. नाकात-कानात तेल घालायचे नाही, ते फुप्फुसात उतरते. काजळात बऱ्याचदा शिसे असते. तीट लावायचीच तर पायाला लावा. नव्या बाळाच्या छातीला गाठ दिसते ती आईच्या संप्रेरकांमुळे असते, ती पिळली तर पू होतो. मेळघाटात पोट फुगले की पोटावर चटके देतात. तिथे काम करणाऱ्या मैत्रिणी सांगतात की नुसती बंदी घालून हे थांबत नाही, पोट फुगल्यावर रात्री जायला जवळ दवाखाना असला तर थांबते. हे सगळे आजीला चार लोकांत खोडून काढू नका. तिला बोलावून श्वास मोजायला शिकवा. बाळाकडे सर्वांत जास्त वेळ पाहणारी तीच असते.

झोपवायचे कसे? पाठीवर. डोक्याखाली उशी नको, तोंडावर गोधडी नको, अंगावर भारी पांघरूण नको. डोके गोल व्हावे म्हणून उशांच्या मध्ये दाबून ठेवायचे नाही. दारू प्यालेल्या माणसाशेजारी बाळ झोपवायचे नाही. हे वाक्य मी वस्तीत म्हणते तेव्हा बायका एकमेकींकडे पाहतात. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, आणि त्यातला एक रोज पिऊन येतो, तर ती बाळ ठेवणार कुठे? मग आम्ही शेजारणीकडे सोय लावतो, किंवा झोळी बांधतो, पण दोरी आणि आकडा दर आठवड्याला ओढून पाहायला सांगतो. जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचायची. खेड्यात डासांइतकाच मण्यारीपासूनही तिचा बचाव होतो.

यानंतर मला एका बादलीविषयी सांगायचे आहे. मी काम करते त्या वस्तीत पाणी पहाटे साडेतीनला येते आणि पाऊण तासात जाते. दिवसभराचे पाणी भरून ठेवण्याशिवाय इलाज नसतो. दोन वर्षांपूर्वी तिथे दहा महिन्यांचे एक मूल बादलीत बुडाले. आई नळावर दुसरा हंडा लावायला गेली होती. बाप घरात झोपला होता. रांगत्या मुलाचे डोके जड असते. ते वाकून पाहते, तोल जातो, आणि परत वर येण्याइतके बळ हातात नसते. टीचभर पाणीही पुरते, आणि आवाज होत नाही. पंचनाम्याच्या वेळी जमलेल्या गर्दीत एकच वाक्य होते: "आईचं लक्ष कुठं होतं?" तेराव्यानंतर सासरच्यांनी तिला माहेरी पाठवले. झोपलेल्या बापाला कोणी काही विचारले नाही. पहाटे साडेतीनची वेळ कोणी ठरवली, हेही कोणी विचारले नाही.

आम्ही वस्तीतल्या बायकांची बैठक घेतली. पहिला अर्धा तास सगळ्या त्या आईलाच बोलत होत्या. मग एकीने सांगितले की तिचा मुलगाही असाच पडला होता, नशिबाने मोठ्या मुलीने ओढला. मग दुसरीने सांगितले. त्या दिवशी खोलीत सात जणी निघाल्या. बचत गटाच्या पैशांतून आम्ही पिंपांना घट्ट बसणारी झाकणे घेतली, बादल्या ओट्यावर ठेवायचे ठरवले, आणि पाणी भरण्याच्या वेळी घरातल्या पुरुषाने उठून मुलांजवळ बसायचे, असे ठरावात लिहिले. पाण्याच्या वेळेसाठी दोनदा मोर्चा नेला. वेळ अजून बदललेली नाही. ती मुलगी मात्र परत आली, कारण सात जणी तिच्या माहेरी जाऊन बसल्या.

म्हणून मुलांच्या सुरक्षिततेची यादी देताना मला भीती वाटते. यादी आईच्या हातात पडली की तो तिच्याविरुद्धचा आरोपपत्राचा मसुदा होतो. तरी यादी द्यायला हवीच, कारण मुले खरोखर मरतात. तर फिनेल, अ‍ॅसिड, थिनर थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवायचे नाही; मुलाने प्यायले तर उलटी करवायची नाही, बाटली घेऊन दवाखान्यात जायचे. भाजले तर वीस मिनिटे साधे पाणी ओतत राहायचे. टूथपेस्ट, शाई, हळद नको. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका, काळे मणी, घड्याळाचा सेल हाताला लागता कामा नये. वर्षाच्या आतल्या मुलाच्या घशात काही अडकून आवाज बंद झाला तर बोट घालून चाचपायचे नाही. हातावर पालथे, डोके खाली, पाठीवर पाच थापट्या. मग उताणे करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. पुन्हा तेच, निघेपर्यंत. मुलाची शुद्ध हरपली तर फुंकर आणि दाब कसे द्यायचे, तेही पाहू. ही बाहुली आणली आहे, दुपारी प्रत्येकीने करून पाहायचे आहे. प्रत्येकाने, पुरुषांनीही.

घराबाहेरचेही बोलू. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागाला आग लागली आणि दहा बाळे गेली. त्या आयांनी सांगितलेले सगळे ऐकले होते. दवाखान्यात बाळंतपण केले, आजारी बाळ काचेच्या पेटीत ठेवू दिले. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आग विझवण्याची साधने चालू आहेत का, रात्री बाळांच्या खोलीत किती जणी कामावर असतात, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे. विचारून या, लिहून घ्या.

आणि पाळणाघर. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवडे झाली, आता ती तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. चांगलेच झाले; पण घरकामाला जाणारी, कचरा वेचणारी, शेतात खुरपायला जाणारी बाई ही रजा कोणाकडे मागणार? तिची रजा म्हणजे बुडालेला रोज. बांधकामावर पन्नासहून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर हवे असे १९९६ चा कायदा सांगत होता. मोबाइल क्रेशेसने १९६९ पासून बांधकामांवर पाळणाघरे चालवून हे जमते असे दाखवूनही दिले. तरी मूल वाळूच्या ढिगाजवळ आणि लिफ्टच्या खड्ड्याशेजारी खेळत असते. 'आईचे लक्ष' हे जर इतके मोलाचे आहे, तर त्याचा मोबदला कोण देणार, हा प्रश्न आपण विचारत राहू.

बाळंतिणीविषयी एक अवघड गोष्ट. रडू येणे पहिल्या काही दिवसांत पुष्कळ जणींना होते आणि जाते. पण दोन आठवडे उलटले तरी झोप लागत नाही, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही, मरावेसे वाटते, असे असेल तर तो आजार आहे, नाटक नाही, बाहेरचे नाही. मुलगी झाली म्हणून घर गप्प झालेले असेल तिथे विशेष लक्ष ठेवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून घ्या. तोपर्यंत तिला रात्री चार तास सलग झोप मिळेल अशी सोय करा. बाळ नवऱ्याने किंवा सासूने घ्यायचे.

पुढच्या मुलाची चिंता. पाळी आली नाही म्हणजे दिवस जात नाहीत, हा समज धोक्याचा आहे. नुसते अंगावरचे दूध, पाळी नाही, आणि बाळ सहा महिन्यांच्या आत, या तिन्ही गोष्टी असतील तोवरच त्यावर भरवसा. दोन बाळंतपणांत तीन वर्षे तरी असावीत. तांबी बाळंतपणानंतर लगेच बसवता येते, पण तिला विचारून; उठल्यावर कळले की बसवलेली आहे, असे सांगणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. 'अंतरा' इंजेक्शन २०१७ पासून सरकारी दवाखान्यात मिळते. घेणारीला पाळी अनियमित होणे, लांबणे, थांबणे हे सगळे आधी सांगायला हवे. नेहमीच्या मिश्र गोळ्या अंगावर पाजत असताना पहिले सहा महिने नकोत. आणि आता आकडे ऐका. त्याच पाहणीत देशात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष-नसबंदी ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, अर्ध्या तासाची, त्याच दिवशी घरी जाता येते. मी हे सांगते तेव्हा बहुतेक वेळा बायकोच म्हणते, "नको ताई, त्यांना जड काम असतं." तिच्या डोक्यावर हंडा असतो.

शेवटचे कागदाचे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच पुरावा धरला जातो. एकट्या आईला बापाचे नाव न देताही दाखला मिळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले आहे की तिचे प्रतिज्ञापत्र पुरेसे आहे. खिडकीवरच्या बाबूला हे माहीत नसते, म्हणून निकालाची प्रत सोबत न्या. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आधी आईचे नाव, मग बापाचे, असा निर्णय झाला आहे. तुमच्या भागात तो पाळला जातो का, पुढच्या बैठकीला दहा दाखले पाहून या.

आता चहा घेऊ. त्यानंतर गट पाडून आपापल्या वस्तीचा नकाशा काढायचा आहे. नळ, उघडी टाकी, दवाखाना, रात्री गाडी जिथपर्यंत येते ती जागा, आणि ज्या घरात या तीन महिन्यांत बाळ येणार आहे ती घरे. बाहुली माझ्याकडे आहे, आधी पुरुषांच्या गटाला देते.